अंगणातली उंच रिंग

मी, नीलांबरी दत्तोपंत निसळ, वय सेहेचाळीस, अविवाहित, महाविद्यालयात मुलींची व्यायामशिक्षिका, राहणार अहमदनगर. शरीर थकले आहे आणि डॉक्टरांनी काही लपवलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. पारनेरच्या जमिनीतला माझा हिस्सा थोरले बंधू नृसिंह यांना. दादा, घराची आशा ठेवू नका. "परक्या पोरी घरात ठेवून कुणाचं नाव चालतं?" असे तुम्ही विचारलेत. चालत नसेल. मला आता वाद घालवत नाही.

२. बास्केटबॉलच्या प्रशिक्षणासाठी मला मिळालेल्या ढाली प्राचार्यांच्या कपाटात ठेवाव्यात. त्यांना तेवढ्याच हव्या होत्या. "बाई, खेड्यातल्या मुली किती दिवस घडवत बसणार? पुण्याहून तयार खेळाडू आणू," म्हणाले. आणल्या. जिंकलो. परीक्षा होताच त्या निघून गेल्या आणि मैदानावर शिकवलेली अशी एकही मुलगी उरली नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करताना मला प्रथमच दम लागला.

३. राहते घर व माझी शिट्टी राहीबाईला. ती माझी विद्यार्थिनी, अकोले तालुक्याच्या डोंगरातली, आता इथेच शाळेत शिकवते. ती आली तेव्हा अंगणातली रिंग नुकतीच बसवली होती. आसाराम लोहाराने जमिनीऐवजी ओट्यापासून मोजल्यामुळे ती फार उंच गेली.

"बाई, ही लई वर हाय. चेंडू पोचत न्हाई."

"चुकलंय खरं. उद्या खाली घेऊ."

दुसऱ्या दिवशी आसाराम शिडी घेऊन आला, तर तीच आडवी आली. "ऱ्हाऊ द्या मामा. काल एक ग्येला."

पुढे कॉलेजच्या मैदानावर तिला रिंग हाताशी वाटली. तेव्हापासून सगळ्या मुली आधी अंगणातच शिकल्या.

४. घराला अट एकच. चेंडू कधी हातात न धरलेली एक तरी मुलगी दरवर्षी इथे राहावी. यंदा दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या मुलींत आधी पाहावे. कौले बदला, भिंती रंगवा, पण रिंग खाली आणू नका.

५. आपल्या जागी एक मुलगी तयार केल्याशिवाय संघ सोडायचा नाही, हा आमचा नियम. तो मलाही लागू होता. माझ्या जागी राही आहे. आता मला जायला हरकत नाही.

सही: नीलांबरी द. निसळ

साक्षीदार:
आसाराम मच्छिंद्र पवार, लोहारकाम
राधाकृष्ण गोरक्ष वाकळे, शेजारी

अहमदनगर, २ मार्च १९७३