तपकिरी कुठला ते सांगा

बार्न्स्ली, ५ एप्रिल

ती. आजोबांस,
एलियटचा सा. न. वि. वि.

आईने माझा फोन कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवली आहे. परीक्षा संपेपर्यंत मिळायचा नाही म्हणते. म्हणून हे पत्र.

अभ्यास जोरात आहे. शेफील्डच्या विद्यापीठाने मला रसायनशास्त्राला जागा देऊ केली आहे, पण अट घालून. रसायनात ‘ए’ हवा आणि शाळेतली प्रात्यक्षिकं पास हवीत. ‘ए’ खिशात आहे असं समजा. सध्या संक्रमण धातूंची उजळणी चालली आहे. लोखंड, तांबं, क्रोमियम यांची द्रावणं रंगीत का दिसतात, इलेक्ट्रॉन कुठून कुठे उडी मारतो, हे मी झोपेतही सांगेन. फक्त ते रंग मला दिसत नाहीत. हिरवा काय नि तपकिरी काय, दोन्ही सारखेच. ही तुमचीच देणगी, आईमार्फत पोचलेली.

पेपरात रंग शब्दांत लिहायचे असतात, ते पाठ आहेत. घोडं अडलंय प्रात्यक्षिकात. दोन वर्षं मी शेजारच्या फर्गसच्या कागदात डोकावून रंग उतरवले. तो रग्बी खेळतो, नजर घारीसारखी. पण ईस्टरनंतरच्या शेवटच्या प्रात्यक्षिकाला ऑकेंडन बाई प्रत्येकाला वेगळ्या टेबलावर बसवणार आहेत. द्रावणं ओळखायची आणि दिसलेले रंग लिहायचे. मला रंग कळत नाहीत हे शाळेत कोणालाच माहीत नाही, आणि कळू द्यायचंही नाही. रंगांधळ्याने रसायन घेतलंच कशाला म्हणून हसतील, वर जागाही जाईल. आईला यातलं काही सांगू नका. तुम्ही आयुष्यभर कसं निभावलंत तेवढं कळवा.

आजीला नमस्कार. लोभ आहेच, परीक्षेपुरता थोडा वाढवून द्यावा.

तुमचा एलियट

ब्रिडलिंग्टन, ९ एप्रिल

चि. एलियट यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आजीने मोठ्याने वाचलं, म्हणजे गुपित आता दोघांकडे आहे. तुझ्या आईला सांगत नाही.

निभावलं कसं म्हणून विचारतोस? तोंडाने! कामगार क्लबात चाळीस वर्षं स्नूकर खेळलो. हिरव्या कापडावर लाल चेंडूंचा घोळका आणि त्यात एक तपकिरी, मला सगळी एकाच आईची लेकरं. पहिल्या दिवसापासून मी पंचाला विचारत आलो की तपकिरी कुठला ते सांगा. नियमच आहे बाबा. रंगांधळ्याने विचारलं तर पंचाने सांगायलाच हवं, आणि त्यासाठी एक गुणही कापत नाहीत. चषकाच्या अंतिम सामन्यात नॉर्मन टॅटर्सल खदाखदा हसला, म्हणाला, विल्फला आता भोकंही दाखवा. पुढच्या खेपेला मी आणखी मोठ्याने विचारलं. चषक आपल्या टीव्हीशेजारी आहे. नॉर्मन अजून सांगत फिरतो की टेबलाला उतार होता. नाचता येईना, अंगण वाकडं.

तेव्हा तूही बाईंना सरळ विचार. परवा मी एक हिरवा नि एक तपकिरी मोजा घालून चर्चला जाऊन आलो. आजीला दिसत होतं, पण तिने मुद्दाम सांगितलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही, तिला मात्र फार मजा वाटली.

नीट जेवत जा. आमचा लोभ मागण्यासारखा नाही, तो तुझ्याकडेच पडून आहे.

तुझा आजोबा

बार्न्स्ली, १४ एप्रिल

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या क्लबात नॉर्मन एकच होता, माझ्या वर्गात नॉर्मनच नॉर्मन आहेत. मी विचारणार नाही.

आता त्याची गरजही नाही. मला युक्ती सापडली आहे. रंगाकडे बघायचंच नाही, वागणुकीकडे बघायचं. लोखंडाची द्रावणं दोन प्रकारची, ‘दोन’ आणि ‘तीन’. धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलं की ‘लोखंड तीन’ बुडबुडे सोडतं आणि ‘लोखंड दोन’ गप्प बसतं. तांब्यावर अमोनिया ओतत राहिलं की ते गडद निळं होतं, आणि निळा मला दिसतो. क्रोमियमचा साका, म्हणजे नळीत बसणारा गाळ, जास्तीच्या अल्कलीत विरघळतो, लोखंडाचा ढिम्म राहतो. एकदा ओळख पटली की पुस्तकातला रंग लिहून मोकळं व्हायचं. कोणाला पत्ताही लागणार नाही. आहे की नाही तुमचा नातू?

आजीला सांगा, मोज्यांचा बदला मी घेईन. लोभ असू द्या, सल्ले पुरे.

तुमचा एलियट

ब्रिडलिंग्टन, १८ एप्रिल

चि. एलियट यास,
अ. आ.

युक्ती फक्कड आहे. मला त्यातलं अर्धंच कळलं, तरी अभिमान वाटला.

पण न दिसलेलं दिसलं म्हणून लिहिणार, त्याचं काय? मीही चेंडूंच्या जागा पाठ करून खेळू शकलो असतो. मग एखाद्या दिवशी कोणीतरी चेंडू हलवून ठेवला असता आणि माझी फजिती झाली असती. चेंडूचा रंग सांगणं पंचाचं काम, तो पॉकेटात घालणं माझं. तुझं काम तुला येतं, तर पंचाला त्याचं करू दे. मी तुला भित्रा म्हणत नाही. आजी म्हणते.

लोभ सल्ल्यासकट घ्यावा लागतो.

तुझा आजोबा

बार्न्स्ली, ३० एप्रिल

ती. आजोबांस आणि विशेषतः आजीस,
सा. न. वि. वि.

परवा प्रात्यक्षिक झालं. बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं की तीन बाटल्यांत तांबं, ॲल्युमिनियम आणि ‘लोखंड दोन’ आहे, कुठल्या बाटलीत काय ते शोधा. पहिल्या दोन चुटकीसरशी ओळखल्या. उरलं ते ‘लोखंड दोन’च असणार. तरी रीतीप्रमाणे सोड्याचं पाणी घातलं, तर बुडबुडे! पुन्हा करून पाहिलं, पुन्हा बुडबुडे. म्हणजे ‘लोखंड तीन’. फळ्याप्रमाणे साका हिरवा हवा, बुडबुड्यांप्रमाणे तपकिरी. पेन ‘हिरवा’ लिहायला कागदावर टेकलंसुद्धा. तेवढ्यात तुमचा हलवलेला चेंडू आठवला.

मी हात वर केला आणि मोठ्याने म्हणालो, बाई, याचा रंग तेवढा सांगा, मला हिरवा-तपकिरी कळत नाही. मागे कोणीतरी हसलं. माझे कान तापले, पण हात खाली घेतला नाही. बाईंनी परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरली आणि तपकिरी म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं की यावरून तू काय समजतोस. मी सांगितलं की हे ‘लोखंड तीन’ आहे, फळा चुकला. त्यांनी बाटली उचलून पाहिली आणि कपाळाला हात लावला. द्रावण नाताळापूर्वीचं होतं, हवा लागून बदललं होतं. चांगल्या डोळ्यांच्या अर्ध्या वर्गाने फळ्यावर विश्वास ठेवून हिरवा लिहिला होता! मी पास झालो. आधी का सांगितलं नाहीस म्हणून बाई रागावल्या, आणि शेफील्डवाल्यांना याने काही फरक पडत नाही असंही म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की घरी चालत आलो.

खरी गंमत पुढेच आहे. फाटकापाशी फर्गसने मला गाठलं. तोंड उतरलेलं. म्हणाला की त्यालाही हिरवा-तपकिरी कळत नाही, आणि दोन वर्षं तो रंग माझ्या कागदातून उतरवत होता. आजोबा, मी त्याचं बघत होतो आणि तो माझं! आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात ते उगीच नाही. काल तो स्वतःहून बाईंकडे गेला.

आजीला विचारा, अजून भित्रा म्हणते का. लोभ आता हक्काने मागतो.

तुमचा एलियट

बार्न्स्ली, १४ ऑगस्ट

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. मला ‘ए’, शेफील्ड पक्कं. फर्गसला ‘बी’, त्याला तेवढा पुरतो. फोन परत मिळाला आहे, तरी ही बातमी पत्रानेच द्यावीशी वाटली. आईला मी सगळं सांगून टाकलं. आधी रागावली, मग रडली, मग तुम्हालाही माहीत होतं हे कळल्यावर पुन्हा रागावली. तयारीत राहा.

शनिवारी फर्गसला घेऊन येतो. त्याला तुमच्याशी स्नूकर खेळायचं आहे. तिघांत मिळून तपकिरी ओळखणारा एकही नाही, तेव्हा पंच म्हणून आईला आणतो आहे.

लोभ असावा, आणि तिने तपकिरी कुठला ते सांगेपर्यंत कोणी काठी उचलू नये.

तुमचा एलियट