नऊ बटणांचा पट

चि. ढब्बूस थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद.

ताई म्हणजे कोण, असा प्रश्न पडायच्या आत सांगते: तुझ्याआधी चार वर्षं जन्मलेली, तुला कडेवर घेऊन कंबर मोडून घेतलेली, आणि जिचा वाढदिवस तू गेली तीन वर्षं विसरलास, ती. ओळख पटली असेल तर पुढे वाच. गुडघा कसा आहे? चष्मा सापडला का? (कपाळावर बघ.) मी ठणठणीत आहे. अक्षर नातीचं, बोलणं माझं. चुका काढायच्या तर तिच्या काढ, माझ्यात सापडायच्या नाहीत.

तुला आठवत असेल (नसेलच), या नातीनं चपलांच्या दुकानातली बरी चाललेली नोकरी सोडून प्रोग्रॅमिंगच्या वर्गात नाव घातलं. तिचा बाप, म्हणजे तुझा भाचा, त्या दिवसापासून जुन्या पंख्यासारखा घरघरत होता. शेवटी त्यानं अट घातली: वर्गाची परीक्षा पास झालीस तर पुढचे सहा महिने शिक, नाही तर सोमवारी मुकाट्यानं दुकानात परत. परीक्षा अशी की दोघांनी दोन ठिकाणी बसून खेळायचा एक खेळ स्वतः बनवायचा आणि सरांना खेळवून दाखवायचा. पोर नखं खात बसली. मी म्हटलं, आपला तीन खड्यांचा कर. फरशीवर कोळशानं आखून आपण खेळायचो तोच: नऊ घरं, प्रत्येकाचे तीन खडे, मांडून झाले की एकेक सरकवायचा, तिन्ही एका रेषेत आणेल तो जिंकला. (कोण जिंकायचं, ते आठवायचे कष्ट घेऊ नकोस.)

हा खेळ चालतो टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत. तिथे चित्र नाही की रंग नाही, नुसती अक्षरं. म्हणजे मला नुसत्या मुंग्या. तरी पहिला गडी मीच, कारण घरात रिकामं दुसरं कुणी नव्हतं. पोरीनं घरांना एक ते नऊ आकडे दिले होते, वरून सुरू करून, पुस्तकातल्या ओळींसारखे. आकड्यांचं आणि माझं कधी जमलं नाही, पण कीबोर्डच्या उजव्या अंगाला नऊ बटणं दिसली, तीन-तीनच्या तीन रांगा. म्हटलं, अगं, पट तर इथेच मांडून ठेवलाय! वरचा डावा कोपरा दाबला, तर खडा पडला खालच्या डाव्या कोपऱ्यात. पोर म्हणाली, आजी, ते सात आहे. मी म्हटलं, तुझं सात असेल, माझा तो कोपरा आहे. तिनं बटणांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सगळी घरं बटणांप्रमाणे फिरवली.

मग चोऱ्यांची पाळी. समोरचा सरळच खेळणार, अशी तिच्या खेळाची तुझ्यासारखीच भाबडी समजूत होती. मी एका दमात दोन चाली केल्या, चालल्या. तिचाच खडा उचलून माझ्या सोयीनं ठेवला, चाललं. भरल्या घरात खडा टाकला, तर तिचा गायब! पोर एकेक भोक बुजवत गेली आणि मी नवं पाडत गेले. चार दिवसांत अकरा भोकं. या कामाला म्हणे पगार देऊन माणसं ठेवतात. तू मात्र साठ वर्षं मला फुकट शिव्या दिल्यास.

एवढं होऊन खेळ चालायचा फक्त तिच्याच कॉम्प्युटरवर. मग तो उचलून लांबच्या एका भाड्याच्या कॉम्प्युटरवर ठेवला, म्हणजे कुठूनही दोघांना तिथे जाऊन खेळता येतं. त्याला सर्व्हर म्हणतात. ती बापाचा लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत, मी बाहेरच्या, आणि दोघींसमोर नुसती एक रेघ लुकलुकतेय. दोन तास! शेवटी कळलं की सर्व्हरचं दारच उघडायचं राहिलं होतं. (पाहुणे बोलावून कडी लावून घ्यायची ही सवय तुझ्या घराण्याची. म्हणजे माझ्याही, पण ते सोड.)

परीक्षेच्या दिवशी घरून खेळणार होती तिची वर्गमैत्रीण. ऐन वेळी तिला ताप. पोरीचा फोन आला, आवाज एवढासा: आजी, तू बस. तुझा भाचा पेपर वाचायचं सोंग करत होता. त्याला म्हटलं, पेपर ठेव, ती काळी खिडकी उघडून दे आणि उशी आण, खुर्ची बुटकी आहे.

तिकडे सर, भरल्या वर्गासमोर. त्यांनी वरच्या कोपऱ्यासाठी एक दाबला, खडा पडला खाली. घरं बटणांप्रमाणे आहेत, ही सूचना खेळाच्या डोक्यावरच लिहिलेली होती. सरांना वाचता येतं, त्यांनी ती वाचली नाही. मला वाचता येत नाही, मला ती लागली नाही. तिसऱ्याच खड्याला मी रेष पुरी केली. सर म्हणाले, हा डाव धरायचा नाही, आणि सूचना वाचून पुन्हा बसले. मग मी त्यांना तुझ्यासारखं मधल्या घरात ऐटीत बसू दिलं, भोवतीनं कोंडलं आणि पुन्हा हरवलं. एकही चोरी न करता. (भोकच शिल्लक नव्हतं.) सरांनी विचारलं, पलीकडे कोण आहे? पोर म्हणाली, माझी आजी. कुठे शिकल्या? कुठेच नाही, तिला अक्षरओळख नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या, पोर पास झाली. तुझ्या भाच्यानं जन्मात पहिल्यांदा मला चहा करून दिला. साखर विसरला. मामावर गेलाय.

तुझी जिंकलेली,
ताई

ता. क. खेळ अजून सर्व्हरवर आहे. रोज चार वाजता मी जाऊन बसते आणि एकच ओळ येते: ‘दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहे.’ वाचता येत नसली तरी तिचा आकार आता ओळखीचा झालाय. तू ये. कसं यायचं ते मागच्या बाजूला लिहिलंय, सुनेला दाखव. वरचा डावा कोपरा म्हणजे सात, हे पोरीनं बळंच सांगायला लावलं.

ता. क. दुसरा. खिडकीजवळच्या अंथरुणासाठी आपण खेळलो, तो डाव. तुला शिंक आली तेव्हा मी खडा सरकवला होता. तू म्हणत होतास ते खरं. नऊ वर्षं त्या खिडकीचा वारा मी खाल्ला. हे कबूल केल्याशिवाय पोर पाकीट चिकटवायला तयार नाही. पण ते भोक मी सर्वांत आधी बुजवून घेतलंय, तेव्हा आता खुशाल शिंक.

ता. क. शेवटचा. हरणाऱ्यानं अक्रोड द्यायचे. पार्सलला आठ दिवस लागतात, म्हणून तू आजच पाठव. आणि या वेळी फोडून पाठव, मागच्या वेळसारखे कवचासकट नकोत.