आगीत आपली एक ढलपी

प्रिय पपा,

आज तुमचा तपकिरी स्वेटर कपाटातून काढला. गेल्या हिवाळ्यात दोह्याहून वसईला परत जाताना तुम्ही तो मुद्दाम इथेच ठेवलात. पुन्हा येणारच आहे, कशाला ओझं नेऊ, म्हणालात. आणि ईस्टरनंतर कायमचे निघून गेलात. खोटारडे कुठले! तर त्या स्वेटरच्या खिशात मला काय सापडावं? आपल्या वाडीतल्या आंब्याची बोटभर लाकडी ढलपी. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

याच ढलपीवरून मी तुमच्यावर ओरडले होते ना? तुम्ही गेल्यापासून मला तेवढंच आठवत राहिलंय.

काय खूळ होतं तुमचं! शाळेत जन्मभर सगळा इतिहास शिकवलात, पण जीव अडकला होता मध्ययुगातल्या युरोपात, ख्रिस्ती वस्तीच्या शेजारी राहणाऱ्या साध्यासुध्या ज्यू माणसांत. त्यांच्या गल्लीत अंडी कोण विकायचं, धुणं कुठे वाळायचं, शेजारणींची कशावरून जुंपायची. तीन वह्या भरल्यात! मम्मी म्हणायची, ह्यांना आपल्या शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही, पण त्या शेजाऱ्यांची खडान्‌खडा माहिती. आम्ही पोट धरून हसायचो.

तुम्ही मात्र हसत नव्हता. पुस्तकांत त्यांना मारल्याचं आणि हाकलल्याचं लिहितात, ते खरंच आहे, म्हणायचात. पण दोन संकटांच्या मध्ये ती माणसं जेवली, नटली, पोरांची लग्नं लावली, त्याचं कोण लिहिणार?

आणि तुमची लाडकी गोष्ट म्हणजे भट्टी. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव पुष्कळ ज्यू घरांत चालायचा नाही. मग घरची बाई भट्टीवर जायची आणि त्या आगीत लाकडाची एक ढलपी टाकायची. झालं! भाजण्यात तिचाही हात लागला, आता खुशाल खा. भट्टीवाल्याचा धंदा राहिला, हिचा धर्म राहिला, आणि ढलपी टाकता टाकता चार गप्पाही झाल्या. मी विचारायचे, एवढ्याशा ढलपीने काय होतं हो? तुम्ही नुसते मिशीत हसायचात.

इथे आलात आणि अल नस्रमधल्या आमच्या बिल्डिंगखाली गुलचाचाची रोटीची भट्टी बघून तुम्ही हरखलात. चाचा अफगाणी, तुमचं हिंदी वसईचं, तरी दोघांचं असं जमलं की बघत राहावं! शुक्रवारी रोटी घ्यायला गेलो, तर तुम्ही खिशातून ढलपी काढलीत. लोक रांगेत उभे. माझा पाराच चढला.

"पपा, हे आपलं घर नाही. इथे असले चाळे करू नका."

ढलपी खिशात ठेवलीत, रोटी घेतलीत आणि जिना चढलात. चौदा वर्षं मी इथल्या हॉस्पिटलात नोकरी करतेय, आणि चौदा वर्षं हेच म्हणत आलेय, हे आपलं घर नाही. पण तुमच्या तोंडावर म्हणायला नको होतं. सॉरी म्हणायचंही राहून गेलं.

म्हणून आज ढलपी घेतली, तुमच्या नातीला घेतलं आणि तडक खाली गेले. वाटलं, राहिलेलं पुरं करावं. जोआनाला सगळं सांगितलं. तिने नेहमीप्रमाणे मराठी ऐकून इंग्रजीत प्रश्न विचारले.

गुलचाचाला ढलपी दाखवली, तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्यांनी हातातलं पीठ झटकलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग ढलपीकडे बघून चक्क हसले.

"अब्बाजी ने तो अपनी डाल दी थी," म्हणाले. "दूसरे ही दिन, सुबह-सुबह. बोले, दो लाया हूँ, एक बेटी की है. उसका ग़ुस्सा उतरेगा तो ख़ुद आएगी."

पपा! म्हणजे मी इतके महिने कुढत बसले, आणि तुम्ही माझ्या नाकाखालून दुसऱ्याच दिवशी काम उरकून आला होतात? वर काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा मागितलात! मी तिथेच हसायला लागले, मग रडायला लागले, मग दोन्ही एकदम. रांगेतल्या लोकांनी बघितलं. बघू दे.

ढलपी मी आणि जोआनाने मिळून टाकली. क्षणभर भुरकन पेटली आणि संपली. चाचांनी त्याच जाळावरची रोटी हातात दिली. जोआनाने तिथेच तुकडा तोडला, चावला, आणि पपा, मराठीत म्हणाली, "आपली आहे."

तुमच्या तिन्ही वह्या मी टाइप करणार, शब्द देते. जोआना मला वाचून दाखवेल, अडखळत का होईना. आणि शेवटी एक पान मी माझ्या हाताने जोडणार, अल नस्रच्या भट्टीचं. त्यात लिहीन की इथे आमचं घर आहे.

पुढच्या सुट्टीत वसईहून आंब्याच्या ढलप्या आणते. बॅगभर.

तुमची तापट, आता निवलेली,
मोनी