आजारी उंदरांची विचारपूस

आदरणीय मबरूका मावशी,

बारा वर्षांपूर्वी, प्रयोगशाळेतल्या तुमच्या पहिल्याच दिवशी, तुम्ही मला विचारलं होतंत, "डॉक्टरीणबाई, तुमच्या या आजारी उंदरांना भेटायला कुणीच येत नाही का?" मी तेव्हा खूप हसले होते. आता हसू येत नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? कर्केना बेटावरचा वारा मानवतोय ना? सूनबाई तुमचं मिठाचं पथ्य सांभाळतात, की ऑक्टोपसचा रस्सा समोर आला की दोघी मिळून ते विसरता? इकडे स्फॅक्समध्ये मी ठीक आहे. फक्त उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत (कारण पुढे येईल, लाजिरवाणं आहे).

माझं अख्खं आयुष्य एका मज्जातंतूला लोंबकळतंय, हे तुम्ही जाणताच. मेंदूतून निघून मानेतून पोटात उतरणाऱ्या त्या मज्जातंतूला हलकी वीज दिली की शरीराची रोगप्रतिकारशक्ती शांत होते आणि सांध्यांची सूज उतरते, असं मी सिद्ध केलं. (म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत तसं म्हणायचे.) परिषदांमध्ये टाळ्या मिळाल्या. माझी आई शेजारणींना 'उंदरांची डॉक्टर' असं सांगायची, तिने तेव्हापासून त्यातले उंदीर गाळले. आणि आता फ्रान्समधलं एक इस्पितळ माझ्या निबंधाच्या भरवशावर संधिवाताच्या तीस रुग्णांच्या मानेत तारा बसवायला निघालंय.

तुम्ही निवृत्त झालात आणि तुमच्या जागी तूहामी आला. माणूस चोख. कानात फुटबॉलची कॉमेंटरी, बटण दाबतो, पिंजरा आपटतो, निघून जातो. पण त्याच्या हाताखाली वीज मिळालेल्या उंदरांचे पंजेसुद्धा बाकीच्यांइतकेच सुजलेले! मी यंत्र बदललं, तारा बदलल्या, शेवटी चष्मा बदलला. मग तुम्हाला फोन केला, की वीज देताना काही वेगळं करायचात का.

"वेगळं कसलं? बटण दाबायचे, मग विचारपूस करायचे."

"कुणाची?"

"ज्यांना झटका दिला त्यांची! आजाऱ्याला भेटायला नको? आणि रिकाम्या हाताने कसं जायचं? संत्र्याच्या फुलांच्या पाण्यात पावाचा तुकडा भिजवून न्यायचे. मान चोळून द्यायचे."

"आणि ज्यांना वीज दिली नव्हती ते?"

"त्यांना काय धाड भरली होती?"

मावशी, मी स्वतःचीच फसवणूक करू नये म्हणून कुठल्या उंदराला वीज मिळते हे बारा वर्षं माझ्यापासून लपवलेलं होतं. यादी फक्त तुमच्याकडे. मी माझ्या नियमाने डोळे मिटून बसले आणि तुम्ही तुमच्या रिवाजाने घरोघरी, म्हणजे पिंजरोपिंजरी, जाऊन आलात. आता सूज माझ्या विजेने उतरली की तुमच्या हाताने, देव जाणे. तूहामीवरून निष्कर्ष काढता येत नाही, त्याच्या धसक्यानेच सगळे सुजत असतील. म्हणून गेल्या आठवड्यात मीच पाव भिजवून वीज न मिळालेल्यांना भेटायला गेले. दोघे चावले. बोटांचं कारण हे.

माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तुम्ही रोज येऊन माझ्या पायाशी बसायचात, चौथ्या दिवशी ताप उतरला. मी शास्त्रज्ञ, श्रेय बेधडक गोळ्यांना दिलं.

इस्पितळाला 'थांबा' असं कळवलंय. त्यांनी चाळीस दिवस दिलेत. सूनबाईंना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुमची,
नाजिहा

ता. क. आपल्या फोनवरच्या बोलण्याबद्दल मी कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त तूहामीला सांगावं लागलं. तो म्हणाला, "म्हणजे शोध म्हातारीचा, आणि बक्षिसं तुम्हाला?"

ता. क. गुडघ्यांची चौकशी मनापासून केली, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तुम्ही सोमवारच्या बोटीने या. माझ्या घरी राहा. बटण तुम्हीच दाबायचं, पण या खेपेला ज्यांना झटका बसेल त्यांच्याकडे वळूनही बघायचं नाही. पाव, पाणी, हात, सगळं दुसऱ्यांना. झटका बसलेले जाळीशी येऊन उभे राहिले तरी नाही. तुम्हाला हे जमणार नाही, तुम्ही फोनवरच मला झाडाल, हे लिहितानाच ऐकू येतंय. तरी मावशी, तीस जणांच्या मानेचा प्रश्न आहे. चाळीस दिवस तेवढं निष्ठुर व्हाल का?