मोकळा रकाना

२ फेब्रुवारी, सोमवार

खाट मिळाली. दाराजवळची. येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागतो, पण चालेल.

आल्या आल्या मुलाखत. देवयानी मॅडम या शिबिराच्या प्रमुख. आधी नर्स होत्या. भूकंपात, पुरात राबून चाळिशीतच केस पांढरे झालेत. फॉर्म वाचत म्हणाल्या, “वय सदुसष्ट. निवृत्त शिक्षक. गुरुजी, इथं स्ट्रेचर उचलावं लागतं.”

उचलीन, म्हणालो.

“आलात कशासाठी?”

फॉर्मवर लिहिलं होतं – सेवा. तेच तोंडानं सांगितलं. त्यांनी जरा जास्तच वेळ माझ्याकडं पाहिलं.

दहा दिवस इथंच राहायचं. आपत्तीत मदतीला जाणाऱ्यांचं प्रशिक्षण. शेवटी यादी लागणार – कुणाला प्रत्यक्ष कामावर पाठवायचं त्याची. यादीत नाव लागलं पाहिजे. लागलंच पाहिजे!

अजिंक्य सोडायला आला होता. जुळे सोलापूरच्या घरापासून अक्कलकोट रोडवरच्या शिबिरापर्यंत, सगळा वेळ एकच – “आप्पा, या वयात कशाला? गावाकडं पुरात तुम्ही केलंत ते काय कमी आहे?” पोराला बापाचा अभिमान वाटतो. बरं झालं, मी गाडीवर मागं बसलो होतो.

३ फेब्रुवारी

सहाला कवायत. गुडघे कुरकुरले. मग तंबू. दोर ताणायचा, खुंटी तिरपी ठोकायची. माझी खुंटी तीनदा निघाली.

खोलीतला सोबती रेवणसिद्ध. अक्कलकोटकडचा, टेम्पो चालवतो. भरघोस मिश्या, आवाज त्याहून भरघोस. म्हणतो, “गुरुजी, खुंटी ठोकताना काय पुटपुटताव? मंत्र हाय का?”

कविता होती. चौथीच्या पुस्तकातली. हातोड्याच्या ठेक्यावर आपोआप येते ओठावर. चाळीस पोरं, सारवलेली जमीन, एका सुरात कविता – बाहेरून जाणारा गाडीवान बैल थांबवून ऐकायचा. एकदा इन्स्पेक्टर आले नि दारातच उभे राहिले, पोरांची कविता संपेपर्यंत आत आले नाहीत. तसले दिवस! मला अजून वाटतं, जगात जे काही सरळ उभं राहतं ते चालीवर उभं राहतं.

रेवणसिद्ध म्हणाला, “चाल ऱ्हाऊ द्या, दोर धरा. तंबू पडलाय की अंगावर!”

४ फेब्रुवारी

आज पाण्याचं शिकवलं. क्लोरीनच्या गोळ्या, उकळणं, साठवणं. वैष्णवी म्हणून एक मुलगी आहे, भवानी पेठेतली, फार चुणचुणीत. दुपारच्या जेवणात तिनं विचारलं, “गुरुजी, तुमच्या गावात पूर आला तेव्हा शाळेतली छावणी तुम्हीच चालवलीत ना? सव्वीस जानेवारीला सत्कार झाला तुमचा. फोटो पाहिलाय मी.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी भाकरी आमटीत कुस्करत बसलो.

हो, झाला सत्कार. झेंड्याखाली शाल, श्रीफळ. सरपंच म्हणाले, गुरुजी नसते तर शाळेत दोनशे माणसं तगली नसती. टाळ्या. त्या गर्दीत केराबाई नव्हत्या. करकंबला लेकीकडं राहायला गेल्यात, असं कुणीतरी म्हणालं. ऐकून मला बरं वाटलं.

बरं वाटलं – हे इथं लिहून ठेवतो. दुसरीकडं कुठं लिहिणार?

५ फेब्रुवारी

लिहूनच टाकावं. पाच महिने टाळलंय.

भाद्रपदात नदी शिरली. सकाळची वेळ. पुस्तकांतल्या नदीला आम्ही पोरांना आई म्हणायला शिकवलं, ताई म्हणायला शिकवलं. ही आली ती दार न वाजवता. शाळा उंचावर, म्हणून सगळे शाळेत. मी जुनं हजेरीबुक काढलं नि रकाने आखले. नाव. वस्ती. सोबत कोण. मागे राहिलेले. तीस वर्षांची सवय. रकाने आखले की माझा जीव शांत होतो.

बोटीनं पलीकडच्या वस्तीवरची माणसं आणली. त्यांत केराबाई. साठीची बाई, गुडघ्याच्या वर ओली. ती वस्ती माझ्या शाळेतली नव्हे, माणसं माझ्या ओळखीची नव्हेत. विचारलं, मागं कोण राहिलंय?

म्हणाल्या, “मालक हायती की. शेरडं सोडायला थांबल्यात.”

नाव काय मालकांचं?

बाईंनी पदर तोंडाला लावला. खाली बघितलं. मी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायला लावायचं, ते कुठल्या तोंडानं? माझ्या आईनं उभ्या जन्मात वडिलांचं नाव घेतलं नाही. मला त्या पदराची मर्यादा कळली. कळली, म्हणूनच मी म्हणालो, “असू द्या. मी कुणाला तरी विचारून घेतो.” रकाना मोकळा सोडला. मागं रांग होती.

मग पोरं रडायला लागली, म्हणून त्यांना गोळा करून कविता म्हणायला बसलो. एक झाली, दुसरी झाली. पोरं हसायला लागली. मीही रमलो.

तासाभरानं बोटवाले आले. “गुरुजी, पलीकडच्या वस्तीवर कोण राहिलंय?” मी बुक उघडलं. शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवलं. मोकळा. म्हणालो, कुणी नाही. बोट वरच्या अंगाला दुसऱ्या गावाकडं गेली.

दिवस मावळताना केराबाई दारात आल्या. “गुरुजी, मालकांना आणाय बोट गेली न्हवं?”

तिसऱ्या दिवशी खाली बाभळीच्या कुंपणात सापडले. त्यांचं नाव मला तेव्हा कळलं, तलाठ्यानं पंचनाम्यात लिहिलं तेव्हा. जोतिराम.

पाण्याला वेग होता, कुणाच्या हातात काय होतं – असं सगळे म्हणाले. मोकळ्या रकान्याचं मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

६ फेब्रुवारी

आज लिहिण्यासारखं काही नाही. बरं वाटतंय.

खोटं.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज छावणीतल्या नोंदणीचा सराव. मांडव घातला, टेबल मांडलं. मॅडम म्हणाल्या, “टेबलावर गुरुजी बसतील. यांना अनुभव आहे.” नको म्हणता आलं नाही.

बाकीचे पूरग्रस्त झाले. कुणी लंगडं, कुणी मुकं. हसत-खिदळत रांग. तिसरा नंबर रेवणसिद्धचा – डोक्यावर टॉवेलचा पदर, खाली मिश्या! सगळा मांडव लोळायला लागला.

विचारलं, नाव?

“गुरम्मा.”

मागं कोण राहिलंय?

“आमचं मालक.”

नाव सांगा.

त्यानं टॉवेल दातात धरला, मान वाकडी केली नि लाजून म्हणाला, “अय्या, नाव कसं घ्यायचं वो!”

हशा. वैष्णवी ओरडली, “गुरम्माबाई, उखाणा घ्या, उखाणा!” रेवणसिद्धनं घसा खाकरला –

“बोटीत बसले घाईघाईनं, चप्पल राहिली दारी,
भीमाशंकरराव राहिले मागं, जिवाला काळजी भारी!”

टाळ्या, शिट्ट्या. माझा हात शेवटच्या रकान्यावर होता. पेन उचलेना. “लिवा की गुरुजी,” रेवणसिद्ध म्हणाला, “दोन ओळी जुळवल्या, त्याचं तरी चीज करा!”

उठलो नि मांडवाबाहेर गेलो.

उखाणा! जन्मभर कवितेत बुडालेला माणूस मी. बायका नाव घेतात ते कवितेतच घेतात, हे मला ठाऊक नव्हतं का? बारशाला, डोहाळजेवणाला शेकड्यांनी ऐकलेत. त्या सकाळी एवढंच म्हणायचं होतं – बाई, उखाण्यात घ्या. दोन ओळी! मी पोरांना कविता म्हणून दाखवत बसलो, आणि जिला दोन ओळी मागायच्या तिला मागितल्याच नाहीत.

मॅडम मागं आल्या. “गुरुजी, काय होतंय?”

ऊन लागलं, म्हणालो. फेब्रुवारीत!

८ फेब्रुवारी

रेवणसिद्ध दिवसभर माझ्याशी जपून बोलतोय. संध्याकाळी दोन केळी घेऊन आला. “गुरुजी, काल माझं चुकलं का? चेष्टा केली ती बाईमाणसाची, म्हणून राग आला का?”

नाही रे बाबा, म्हणालो.

“मग? तुमच्या घरातलं कुणी गेलं का पुरात?”

घरातलं नाही.

पुढं विचारलं नाही त्यानं. एक केळ सोलून हातात दिलं. लई मोठ्या मनाचा गडी.

९ फेब्रुवारी

स्ट्रेचर उचललं! चौघांत मी एक. शंभर पावलं. वैष्णवी वर झोपून सूचना देत होती – “डावा कोपरा खाली जातोय, गुरुजी, मी घसरतेय!” खांदे उतरलेत, पण उचललं.

मॅडम मान हलवून वहीत काहीतरी लिहीत होत्या. यादीत नाव लागणार असं दिसतंय. मग का असं होतंय? नाव लागलं की पुढच्या पुरात जाईन, दहा माणसं काढीन, वीस काढीन, आणि तो एक रकाना भरून निघेल, असं मनाशी धरून आलो होतो.

निघेल का?

१० फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. मॅडमना सांगितलं.

दुपारी त्या एकट्याच ऑफिसात होत्या. मी उभ्यानंच सगळं बोललो, मुलानं पाठ म्हणून दाखवावं तसं – केराबाई, पदर, मोकळा रकाना, बोट, बाभळ. संपल्यावर बसा म्हणाल्या. पाणी दिलं. मला वाटलं होतं, रागावतील. किंवा म्हणतील, गुरुजी, मनाला लावून घेऊ नका. सगळे म्हणतात तसं.

त्या म्हणाल्या, “टेबलावर पहिल्यांदा नाव विचारायचंच नाही. घरात माणसं किती, आणि इथं पोचली किती – एवढं विचारायचं. पाच होती, चार आली. झालं, बोट पाठवायची. आकड्याला लाज नसते, गुरुजी. नाव मागाहून कुणीही सांगतं.”

इतकं साधं! तीस वर्षं हजेरी घेतली. पट किती, हजर किती – रोज फळ्यावर लिहायचो!

मग म्हणाल्या, “हे केराबाईंना माहीत आहे?”

नाही.

“मग मला सांगून काय उपयोग? मी तुमची कोण?”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“उद्या यादी लागेल. नोंदणीच्या कामाला तुमचं नाव घातलंय. चुकलेला माणूस त्या टेबलावर जास्त सावध बसतो, हा माझा अनुभव. पण लपवणारा बसलेला मला चालणार नाही. ठरवा.”

ठेवा म्हणालो नाही. काढा म्हणालो नाही. बाहेर आलो.

११ फेब्रुवारी

नाव लागलं. नववं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेवणसिद्धनं उचललंच मला – “स्ट्रेचर लागत न्हाय गुरुजीला!”

मी मॅडमकडं पाहिलं. त्या माझ्याचकडं पाहत होत्या.

अजिंक्य न्यायला आला. वाटेत त्याला सगळं सांगितलं, केराबाईंकडं जाणार आहे तेही, गाडीवर मागं बसूनच. सात रस्ता चौकात त्यानं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग पाठमोराच म्हणाला, “मी येऊ का करकंबला?”

नको, म्हणालो.

१२ फेब्रुवारी

पाठ करून बसलोय. काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. प्रत्येक वेळी भाषा छान होते. छान नको आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. करकंब स्टँड

गाडीला अवकाश आहे. बाकावर बसून लिहितोय.

केराबाईंना सांगितलं – रकाना मी मोकळा सोडला, बोटवाल्यांना ‘कुणी नाही’ असं मी सांगितलं. त्या मग म्हणाल्या, “म्हंजी, मी मालक मागं हायती म्हनले हुते, ते तुमी ऐकलं हुतं?” हो, म्हणालो. “पाच म्हैनं दीर म्हनतोय, नाव घेतलं असतंस तर भाऊ जगला असता. जावा म्हनत्यात. ही लेक तोंडानं म्हनत न्हाय, पर तिच्या बी मनात हाय. मीच मारलं म्हनून बसले की वो मी!”

लेकीला, वैजयंतीला, चुलीपुढून हाक मारून बोलावलं. “गुरुजी, हिच्यापुढं परत सांगा.” पुन्हा सांगितलं.

आता त्या माझ्या शेजारी बसल्यात. मांडीवर गाठोडं. माझ्याबरोबर वस्तीवर निघाल्यात. मघाशी म्हणाल्या, “दिरापुढं बी असंच सांगायचं. शब्द गाळायचा न्हाय.”