विसाव्याचा ढीग

८ मे १९८८, तोरणमाळ

आलो एकदाचे! धुळ्याहून शहादा, शहाद्याहून डोंगर चढणारी एस.टी., आणि शेजारच्याच्या पिशवीतल्या कोंबडीने माझ्या पँटवर काढलेली रांगोळी. सगळं माफ. परवा जळगावला पंख्याखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. इथे संध्याकाळी शाल लागते. विश्रामगृहाची खोली ऐसपैस आहे. खानसामा लोटनभाऊंनी आल्या आल्या शेवभाजी आणि कळण्याची भाकरी वाढली. जेवण असं, की धावणाऱ्या माणसाने इथे राहूच नये.

पण मी धावायलाच आलोय. शाळेत पी.टी. शिकवतो, रोज पहाटे मेहरूण तलावाभोवती फेऱ्या मारतो. पोरं मला मेलगाडी म्हणतात, आणि मला ते आवडतं. जुलैत धुळ्याला क्रॉस-कंट्री आहे. यंदा तिशी लागली, म्हणजे राज्य संघात जायची ही शेवटची संधी. उंचावरच्या हवेत सराव केला की छाती मजबूत होते असं वाचलंय.

यशोदा म्हणते, तीही धावणार. आमचं लग्न फेब्रुवारीतलं. माहेर साक्रीकडच्या डोंगरातलं. कॅनव्हासचे नवे बूट घेऊन आलीय. मी वरून कौतुक केलं, पोटात हसलो.

९ मे

आज वाट पाहून आलो. बंगल्यामागून पायवाट चढते ती थेट धारेवर. तिथे दगडांचा मोठा ढीग आहे. ढिगाच्या पलीकडे वाट नाही, कडा आहे.

पायथ्याशी यशोदाने दोन्ही हातांत एकेक दगड घेतला. वर पोचल्यावर दोन्ही ढिगावर ठेवले. म्हणाली, हा विसाव्याचा ढीग, आमच्या गावाकडेही आहे. चढणारा खालून दगड आणतो, थकवा त्यात ठेवतो, हलका होऊन उतरतो. तिच्याकडची म्हणच आहे : थकवा घर लई जावाना नही, तठेच ठेवाना. दुसऱ्याचा दगड मात्र उचलायचा नाही. उचलला तर त्याचा थकवा आपल्याला लागतो.

दुसरा दगड कुणाचा, विचारलं. तर म्हणे तुमचा, तुम्ही काही आणणार नाही, माहीत होतं. मी खूप हसलो. पण उतरताना पाय खरंच पिसासारखे झाले होते.

१० मे

पहिली धाव. यशोदा माझ्या आधी ढिगापाशी पोचली.

माझ्या बुटाची नाडी सुटली होती. शिवाय मी पहिल्या दिवशी जोर लावतच नाही. ती दोन्ही दगड ठेवून पदर खोचून उभी होती, दमही लागला नव्हता. वर मलाच पाणी विचारलं.

११ मे

आजही तीच पुढे. आणि आज पाहणारं माणूस होतं. शेजारच्या खोलीत धुळ्याचे मोतीलाल साहेब उतरलेत, निवड समितीवरचे. व्हरांड्यातून त्यांनी तिला चढताना पाहिलं. चहाला बोलावून तिचं नाव विचारलं, वय विचारलं, म्हणाले महिलांच्या शर्यतीत हिला उतरवाच, अशी चाल शिकवून येत नाही.

माझं नाव विचारलं नाही. मीच सांगितलं. ते म्हणाले, असं का, वा, आणि पुन्हा तिच्याकडे वळले.

बायकोचं कौतुक झालं की नवऱ्याला आनंद व्हावा. झाला नाही. लिहून ठेवतो, खोटं कशाला बोलू.

१२ मे

मी मुद्दाम झोपून राहिलो. ती एकटी जाऊन आली, इतक्या लवकर की मी सरळ म्हणालो, अर्ध्यातून परतलीस. तिला लागलं ते. मग मी तिला आमची पद्धत सांगितली : शाळेच्या शर्यतीत वळणावर मुलांच्या हातावर शिक्का मारतात, म्हणजे लबाडी होत नाही. इथे शिक्का नाही, तर ढिगावरचा एक दगड खूण म्हणून आणत जा. ती ऐकेना. बाकी काहीही मागा म्हणाली.

मग मीच गेलो, अगदी वरचा दगड घेऊन आलो आणि टेबलावर आपटला. पुरावा असा आणतात!

तिचा चेहरा उतरला. तिने दगड ओळखला. तो माझाच होता, आज सकाळी तिने माझ्या नावाने ठेवलेला.

१३ मे

अंगात शिसं ओतल्यासारखं झालंय. बंगल्याच्या पायऱ्या चढतानाही धाप लागते. लोटनभाऊंनी टेबलावरचा दगड पाहिला आणि ताट तसंच धरून उभे राहिले. म्हणाले, भाऊ, जठलं तठे ठेई या, चांगलं नही शे हाई.

परत ठेवायला निघालो होतो. दारातून यशोदा दिसली, मोतीलाल साहेबांना आपली चाल दाखवत होती. साहेब टाळ्या वाजवत होते.

दगड तिच्या उशीखाली ठेवला.

१४ मे

खरं आहे! सगळं खरं आहे. मी वाऱ्यासारखा सुटलो. मागे यशोदाची धाप ऐकू येत होती, माझ्यासारखी, अगदी माझ्याच घशातली. चढ निम्मा झाला आणि ती धाप शेजारी आली. मग पुढे गेली.

माझा सगळा थकवा अंगावर घेऊन तिने मला मागे टाकलं.

हे मी कसं सहन करायचं? कुणी सांगावं.

१५ मे

पिशवी भरून आणले. ढिगाच्या तळाचे, शेवाळलेले, कुणाकुणाचे. तिच्या गादीखाली पसरले. उतरताना दोनदा थांबलो, पिशवी जड होती म्हणून.

१६ मे

ती उठली नाही. मी पहिला पोचलो. वर कुणीच नव्हतं हरवायला.

साहेबांनी फक्त तिची चौकशी केली.

१७ मे

ती श्वास घेते तेव्हा एक माणूस श्वास घेत नाही. पुष्कळ जण घेतात. मोळीवाल्या बायका, म्हातारे, कुणी खोकतं. पाय दुखतात म्हणते, ओझं उतरवा म्हणते.

साहेबांच्या जीपमधून तिला शहाद्याला नेलं. मी सामान घेऊन मागून येतो म्हणालो. दगड आधी परत ठेवायला हवेत, ते ठेवले की ती बरी होईल. तिला सगळं कळलं होतं. जाताना माझा हात धरून म्हणाली, नुसतं सांगितलं असतं तरी मी मागे राहिले असते हो.

मागे राहिली असती. म्हणजे मुद्दाम. म्हणजे दया.

१८ मे, सकाळ

पिशवी घेऊन निघालो. चढवत नाही. गुडघे माझे नाहीत, कुणा म्हातारीचे आहेत. छातीत सगळे एकदम धापा टाकतात — बसलोय — वही होती खिशात —

खाली लोटनभाऊ. हात करून बोलावतात. शहाद्याहून कुणी आलंय वाटतं. शब्द पोचत नाहीत. आता त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. हातात धरून नुसते उभे आहेत.

नाही. दगड ठेवले की बरी होणार आहे ती. एवढाच चढ —

*

कुणीतरी शेजारून गेलं. कॅनव्हासचे बूट.

यशोदा. पदर खोचलेला. दम नाही, काही नाही. दोन्ही हात रिकामे. माझ्याकडे पाहिलंही नाही.

दगड ठेवायला हवेत. ते ठेवले तर —

ती ढिगापाशी आली. थांबत नाही. पलीकडे वाट नाही यशोदा —

पिशवी टाकली मी. तिच्यासाठी नाही. खरं लिहितो, तिच्यासाठी नाही. पाय हलके झाले — आता गाठतो — अजून पुढेच आहे, अजूनही पुढे, पण या वेळी मी तिला —