स्पिरिटने धुतलेल्या पट्ट्यांचा निकाल

मी, वय अडुसष्ट, प्रयोगशाळेत एकतीस वर्षं इलेक्ट्रोड घडवलेली बाई, पूर्ण शुद्धीवर आणि तितक्याच रागात हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. दादाचा होता, तो आता चालत नाही.

१. राहत्या दोन खोल्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. न्हाणीघराचा नळ गळतो, तो तिने बदलून घ्यावा.

२. छोटं लेथ, चिमटे आणि पॉलिशचे कागद तंत्रशाळेला. हत्यारं न पुसता ठेवणाऱ्याला हात लावू देऊ नये.

३. थोरल्या भावाला, म्हणजेच प्रयोगशाळाप्रमुखांना, काहीही नाही. कारण लिहिते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, मी घडवलेल्या तांब्याच्या पट्टीला, म्हणजे इलेक्ट्रोडला, वीज द्यायची आणि त्या वायूचं अल्कोहोल करायचं, हे दादाचं संशोधन. अल्कोहोल निघालं, दादाचे सत्कार झाले. पट्ट्या लवकर वाळाव्यात म्हणून मी त्या स्पिरिटने धुवायचे. ही चूक माझी. पुढे शंका आली, तेव्हा मी कार्बन डायऑक्साइड बंद करून नुसता नायट्रोजन सोडला, ज्यातून अल्कोहोल होऊच शकत नाही. तरीही अल्कोहोल आलं! स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच; पट्टीवरच्या सच्छिद्र थरात मुरलेलं माझंच स्पिरिट होतं ते. दादाला वही दाखवली. म्हणाला, "छापून आलंय आता. उगाच फाटे फोडू नकोस." आणि मी शेपूट घातली.

आता भाची चार वर्षं तोच प्रयोग करते आहे. ती पट्ट्या स्वच्छ पाण्याने धुते, म्हणून तिला थेंबभरही मिळत नाही. दादा चारचौघांत तिला म्हणतो, "हाताला वळण नाही." बापाला सगळं ठाऊक असून! परवा पोरगी म्हणाली, "आत्या, मी सोडते हे. माझ्याच हातात खोट आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

४. नायट्रोजनच्या प्रयोगाची वही माझ्या मृत्यूनंतर भाचीला द्यावी.

कलम ४ साक्षीदारांसमोर खोडलं आहे. मेल्यावर वही द्यायची म्हणजे पुन्हा तोंड चुकवायचं. भाचीला आत्ताच बोलावून वही हातात दिली. ते पान तिने उभ्यानेच वाचलं.

"आत्या, तुला हे तेव्हापासून माहीत होतं?"

"हो," म्हणाले.

वही घेऊन ती तडक प्रयोगशाळेकडे गेली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

५. भाचीचा माझ्यावरचा राग रास्त आहे. माझ्यामागे कोणीही तिची समजूत काढू नये.

साक्षीदार:
शेजारचे दंतवैद्य (सही)
वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई (सही, खाडाखोड पाहिली, भांडणात पडले नाही)

स्थळ: माझं स्वयंपाकघर
तारीख: अकरा मार्च, सकाळ

(सही) आत्या